वाढीव बळाचा हिशेब

वरच्या वर्गांच्या वह्या तपासावयास घेतल्या, म्हणजे कोणाचे गणित कच्चे आहे हे आतील पानांवरून कळते आणि कोणाचे मन कोठे गुंतले आहे हे शेवटच्या पानावरून. पूर्वी त्या शेवटच्या पानावर क्रिकेटच्या संघातील अकरा नावे असत. अलीकडे तेथे मोटारी दिसतात. लांब नाकाच्या, रुंद चाकांच्या, आणि प्रत्येकीखाली तिच्या अश्वशक्तीचा आकडा. गेल्या सहामाहीत एका विद्यार्थ्याने मस्टँग गाडीचे चित्र इतके हुबेहूब काढले होते की, त्याच्या समीकरणाचे गुण कापताना माझा हात क्षणभर थांबला. (गुण मात्र कापले.)

या जातीच्या गाड्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. आपण त्यांस पहिलवान गाड्या म्हणू. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवावयाचे, ही त्यांची मूळ युक्ती. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीने आपल्या टेम्पेस्ट नावाच्या मध्यम गाडीत ६.४ लिटरचे इंजिन घालून ‘जीटीओ’ विकावयास काढली आणि तिकडील तरुणांना तिचे वेडच लागले. आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर अशी गाडी क्वचितच दृष्टीस पडते. परंतु पहिलवान विकत आणणे परवडत नसेल, तर घरच्याच पोरास तालमीत घालावे, असा विचार मनात येणे साहजिक आहे. बाजारानेही तो ओळखला असून, साध्या गाडीचे बळ वाढविण्याची सामग्री एकत्र बांधून ‘किट’ या नावाने तो विकत असतो.

या किटात असते तरी काय? रसायनशास्त्राच्या तासाला आपण शिकलो आहोत की, एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे इंजिनास अधिक पेट्रोल पाजण्यापूर्वी त्याच्या पोटात अधिक हवा कोंबली पाहिजे. ‘टर्बो’ हे काम मोठ्या हुशारीने करतो. इंजिनातून वाया जाणारा तप्त वायू एका लहानशा चक्रास फिरवितो; त्याच दांड्यावर बसविलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत ढकलते. ‘सुपरचार्जर’ हेच काम इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून करतो. तिसरा उपाय म्हणजे पेट्रोल केव्हा व किती द्यावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची, हे ठरविणाऱ्या संगणकाच्या सूचनाच बदलणे. यास ‘रीमॅप’ म्हणतात. मुलांनो, यात लबाडी नाही. नीट बसविलेल्या किटाने बळ खरोखरच वाढते, आणि ज्याने टर्बो प्रथम शोधून काढला त्याच्या बुद्धीस मी मनापासून मान देतो.

परंतु वाढलेले बळ एकटे येत नाही. ते उष्णता घेऊन येते; जुना रेडिएटर ती सोसू शकत नाही. दाब अधिक झाला की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटू लागते, आत ठोके ऐकू येतात, आणि पिस्टनला भोक पडावयास फार वेळ लागत नाही. क्लच घसरतो, गियरचे दाते जातात. आणि एवढा खटाटोप करून वेग वाढतो तरी किती? वेगवान गाडीस मुख्य अडथळा हवेचा असतो व त्यासाठी लागणारे बळ वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कमाल वेग दहा टक्के वाढवावयाचा, तर सुमारे एक तृतीयांश बळ अधिक पाहिजे. याच्या उलट, थांबविण्याचे ओझे वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या चौपट अंतर ताशी ८० ला लागते. किटाच्या खोक्यात ब्रेक बहुधा नसतो.

याचा उत्तम पाठ आपल्या गावातच मांडून ठेविलेला आहे. अहिल्यानगरास, म्हणजे आपल्या जुन्या नगरास, १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय स्थापन झाले. तेथे मी मुलांना घेऊन जातो, तेव्हा ती तोफेच्या नळीकडे धावतात. मी त्यांस प्रथम रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपाशी नेतो. ‘सिल्व्हर घोस्ट’ ही श्रीमंतांच्या सुखासाठी निर्माण झालेली गाडी. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा इंग्रज आरमाराच्या विमानदलाने तिच्या चासीवर पोलादी कवच आणि वर यंत्रतोफेचा फिरता बुरूज चढविला. वजन चार टनांच्या घरात गेले. परंतु हे करणाऱ्यांनी नुसते कवच चढविले नाही. त्यांनी मागील पाटे भक्कम केले आणि मागच्या बाजूस जोडचाके लाविली.

त्याच संग्रहालयात व्हॅलेंटाइन आणि आर्चर अशी दोन वाहने आहेत. त्यांचे नाते सांगितल्याशिवाय कळत नाही. व्हॅलेंटाइनवर आरंभी दोन-पौंडी तोफ होती. गोळ्याच्या वजनावरून ही नावे पडली आहेत. शत्रूचे कवच जाड होत गेले तसे इंग्रजांना त्याच गाड्यावर सतरा-पौंडी तोफ बसवावी लागली. एवढी मोठी तोफ जुन्या बुरुजात मावणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी बुरूजच काढून टाकला, अधिक बळाचे इंजिन घातले, आणि तोफेचे तोंड चक्क मागल्या दिशेस केले! तिची मागची बाजू थेट चालकाच्या आसनापाशी येते. ही आर्चर १९४४ साली रणांगणावर उतरली. पाहणाऱ्यास हे ध्यान विचित्र वाटते. तथापि सैनिकांना त्यातच सोय सापडली: दबा धरून गोळा डागावा आणि गाडी न वळविता सरळ पुढे निघून जावे. मला ही आर्चर फार आवडते. मोठी तोफ हवी असेल, तर तिच्यासाठी काय काय सोडावे लागेल याचा हिशेब तिच्या अंगावर उघडा लिहिलेला आहे.

पहिलवान गाड्यांच्या देशातही जाणते कारागीर हेच करीत. जीटीओच्या पहिल्या वर्षी इंजिन मोठे आले, पण ब्रेक चारही चाकांना ड्रमचेच राहिले आणि त्याबद्दल टीकाही झाली. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, कॅरोल शेल्बी या शर्यतपटूने मस्टँगवरून ‘जीटी ३५०’ तयार केली. इंजिनाची अश्वशक्ती २७१ वरून ३०६ झाली, हे सर्वांच्या तोंडी असते. त्याने पुढील चाकांना डिस्क ब्रेक दिले, मागील ड्रम मोठे केले, पुढील चाकांच्या आधाराची जागा बदलली, मागचे आसन काढून वजन घटविले, हे मात्र वह्यांच्या शेवटच्या पानावर कोणी लिहीत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. निर्मात्याने नोंदविलेल्या मूळ रचनेत मालकाने मनास येईल तसा फेरफार करणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमास मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीप्रमाणे प्रत्येक बेकायदा फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. मान्यताप्राप्त सी.एन.जी. किटासारख्या बदलांची वाट वेगळी आहे. ते परवानगीने होतात. नव्या मोटारीचा नमुना विक्रीपूर्वी ज्या मोजक्या संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो, त्यांत नगरची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्ही.आर.डी.ई., आहे. तिच्या कुंपणाबाहेरून जाताना फुटलेल्या सायलेन्सरचा कडकडाट करणारी मोटारसायकल दिसली की मला हसू येते आणि रागही येतो.

हा विषय मी या अंकासाठी निवडला, त्यास एक कारण घडले. पावसाळ्याच्या अखेरीस आमचा एक माजी विद्यार्थी वडिलांस घेऊन घरी आला. मुलगा नगरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस. वडील नेवासे तालुक्यात कांदा पिकवितात. मुलाने जुनी लहानशी मोटार घेतली होती आणि टर्बोच्या किटासाठी त्याला वडिलांकडून ऐंशी हजार रुपये हवे होते. वडिलांच्या हाती त्या वर्षी प्रथमच चार पैसे उरले होते. घरात धाकटी मुलगी बारावीस होती. त्यांनी निवाडा माझ्यावर सोपविला, ही गोष्ट मला मुळीच सुखाची वाटली नाही. कारण हा मुलगा यंत्राच्या बाबतीत खरोखर हुशार आहे आणि त्याची हौस उडाणटप्पूची हौस नव्हे.

मी काही बोलण्यापूर्वी वडिलांनीच विचारले, “सर, इमामपूरचा घाट उतरताना त्याचा काही उपयोग होतो का?”

“उतरताना नाही, अण्णा. चढताना होतो,” मुलगा म्हणाला.

“चढताना आत्ता अडतंय का?”

मुलगा गप्प राहिला. मग मी किटाच्या दरपत्रकाची मागची बाजू त्याच्यापुढे केली आणि पेन्सिल त्याच्याच हाती दिली. रेडिएटर, क्लच, टायर, पुढचे डिस्क, मागचे ड्रम. एकेक रक्कम त्याने स्वतः मांडली. विम्याच्या ओळीपाशी तो थांबला, कारण असा फेरफार झालेल्या गाडीचा दावा कंपनी नाकारू शकते, हे त्यास ठाऊक होते. बेरीज गाडीच्या किमतीपुढे गेली. त्याने ती दोनदा तपासली. कागद फाडला नाही. घडी करून खिशात ठेविला. वडील चहा न घेताच उठले, त्यांस घोडेगावच्या बाजारास जावयाचे होते.

दिवाळीनंतर तो गाडी घेऊन आला. चारही टायर नवे होते, ब्रेकचे पॅड नवे होते. बॉनेट उघडून त्याने इंजिन दाखविले. इंजिन तेच, परंतु दोन रविवार खर्चून त्याने ते उकलले होते, प्रत्येक भाग धुऊन, मोजून, पुस्तकात दिलेल्या मापाप्रमाणे पुन्हा बसविला होता. धाकट्या बहिणीच्या शिकवणीची फी भरली गेल्याचेही त्याने जाता जाता सांगितले. मग गाडी चालू केली.

“आवाज कसा वाटतो, सर?”

मी कान दिला. रस्त्यावरून दूधवाल्याची सायकल जात होती. तिच्या घंटीपुढे मला इंजिन ऐकूच येईना.