गोडं पाणी

आमच्या नातेपुत्याच्या वावरात कॅनॉलच्या खालच्या अंगाला दोन गुंठ्यांचा एक पट्टा आहे. उन्हाळ्यात तिथं मीठ फुटतं, चालताना पायाखाली कुरकुरतं. ऊस लावला तर वीतभर वाढतो आणि पिवळा पडतो. मीठ म्हणजे जिवाचा वैरी, हे मी शाळेत जायच्या आधीच शिकले होते. पनवेलजवळच्या प्रयोगशाळेत मला नडलं ते हेच शिक्षण.

मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. झाल्यावर मी तिथं शिकाऊ म्हणून लागले. काम होतं समुद्रातल्या तेलविहिरींतून तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यावर. मुंबई हाय मला भूगोलाच्या पुस्तकापुरतं ठाऊक होतं : १९७४ साली तेल सापडलं, १९७६ साली उत्पादन सुरू झालं. तेलासोबत पाणीही येतं, हे त्या धड्यात नव्हतं. खडकाच्या छिद्रांत तेलाच्या खाली खारं पाणी दबून असतं. शिवाय दाब टिकावा म्हणून वरून समुद्राचं पाणी आत ढकलतात. क्षेत्र जुनं होत जाईल तसं वर येणाऱ्या द्रवात तेल कमी आणि पाणी जास्त होत जातं.

पहिल्या दिवशी सरांनी बाटली हातात दिली. पाणी नितळ. झाकण काढलं तर रॉकेल आणि डांबर एकत्र केल्यासारखा वास. मी विचारलं, “तेल तर काढलेलंच आहे ना?” सर म्हणाले, “थेंब काढलेत. विरघळलेलं काढायचंय.” फिनॉल, बेंझीन, सेंद्रिय आम्लं पाण्यात अशी मिसळलेली असतात की ती वर तरंगत नाहीत आणि खालीही बसत नाहीत. प्लॅटफॉर्मवर जागा मोजकी, वजनाचाही हिशेब, म्हणून तिथं मुख्यतः थेंब वेगळे करतात. आपल्याकडचा नियम असा, की समुद्रात सोडायच्या पाण्यातलं तेल शंभरातल्या ९५ तपासण्यांत लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत हवं आणि एकदाही १०० च्या वर जाता कामा नये. जमिनीवर मात्र मर्यादा १० ची. तिथं जिवाणूंना कामाला लावायला टाक्यांना जागाही असते.

पहिल्याच आठवड्यात मी सीओडी काढला. पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल, याचा हा आकडा. कॉलेजात नाल्याच्या पाण्याला घालायचो तेवढाच मर्क्युरिक सल्फेट घातला. नळीत दह्यासारखा पांढरा साका बसला आणि आकडा आला चार हजारांच्या वर. मी घाबरून दुसऱ्यांदा केला, तरी तोच. सरांनी वहीत नुसता गुणाकार करून दाखवला. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. एक ग्रॅम क्लोराइड या चाचणीत ०.२२६ ग्रॅम ऑक्सिजन खाल्ल्याचं दाखवतं. म्हणजे घाणीचा कणही नसला तरी मीठच चार हजार तीनशेच्या आसपास बोलणार. क्लोराइडला बांधून ठेवायचं काम त्या पाऱ्याच्या मिठाचं, आणि माझं माप गोड्या पाण्याचं होतं. मी एवढा वेळ मीठ मोजत बसले होते.

आमची जिवाणूंची टाकी २०० लिटरची, खालून हवेचे बुडबुडे. त्यातला गाळ मूळचा गावच्या सांडपाणी केंद्रातून आणलेला. तो एकदम खाऱ्या पाण्यात टाकला असता तर मेला असता. आई कैरीच्या फोडींना मीठ लावते आणि तासाभरात त्यांना पाणी सुटतं, तसंच जिवाणूच्या पेशीचं होतं : आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून अडीच महिने थोडं थोडं मीठ वाढवत नेलं होतं. युरिया आणि डीएपीही घालायचो, कारण या पाण्यात कार्बन भरपूर पण नत्र-स्फुरद नाही. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे उसासारखंच की गं.”

आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला असते. आमच्या पडवीत दरवर्षी एक दिंडी उतरते, मी तीन दिवसांची रजा घेतली होती. निघण्याआधी टाकीशी उभी राहिले आणि त्या जिवांची मला खरंच कीव आली. इतके महिने मीठ सोसताहेत, तीन दिवस तरी विसावा मिळू दे, म्हणून निम्मी टाकी रिकामी करून नळाचं पाणी भरलं. कुणाला विचारलं नाही.

परत आले तर टाकीवर वीतभर फेस. पाणी दुधाळ. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घेऊन अर्धा तास थांबले. एरवी एवढ्या वेळात गाळ तीनशेच्या रेषेपर्यंत बसतो आणि वर पाणी स्वच्छ दिसतं. या वेळी रेषाच पडली नाही, नुसतं गढूळ. सीओडी आत घातलेल्या पाण्यापेक्षाही वाढलेला.

सर रागावले नाहीत, बसवून समजावलं. खाऱ्या पाण्यात टिकणारे जिवाणू एक्टोइनसारखे विरघळणारे पदार्थ पेशीत साठवतात आणि बाहेरच्या मिठाला आतून तोल देतात. बाहेर अचानक गोडं पाणी आलं की उलटा खेळ : पाणी आत घुसतं, पेशी फुगते. फुटू नये म्हणून ती साठवलेलं सगळं बाहेर फेकते. सीओडी वाढला तो त्याचाच. ज्यांना वेळेत फेकता आलं नाही, ते फुटले.

पुढचे पाच आठवडे मी टाकीपासून हलले नाही. मीठ परत हळूहळू चढवलं. रोज सकाळी कॉन्डक्टिव्हिटी मीटर आणि सिलिंडर, संध्याकाळी मायक्रोस्कोप. विसाव्या दिवशी पुसटशी रेषा पडली, तेव्हा मी काकांना, आमच्या ऑपरेटरना, हाक मारून दाखवली. तेही गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बराच वेळ बघत राहिले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आप्पांसोबत त्या पट्ट्यावर गेले. ते म्हणाले, “इथं काय जगतंय?” वरची पांढरी पापडी आणि खालची बोटभर माती बरणीत भरली. काकांनी तिच्यासाठी प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये खालचा कप्पा रिकामा करून दिलाय. झाकणावर मी लिहिलंय : नातेपुते, कॅनॉलखाली. सोमवारी तिच्यातलं चिमूटभर खाऱ्या अगारवर पसरायचंय.