हरवलेला ‘नका’

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ मागे पडले की भोर तालुक्यातील किकवी गाव लागते. तेथील एका लहानशा आरोग्य-साहाय्य कार्यालयात आठवड्यातून एक दिवस रुग्णांचे फोन घेण्याचे काम आमच्याकडे आहे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पण फोनची दुखणी ओळखण्यास कोणी शिकवले नव्हते. तो धडा पन्नाशी उलटल्यावर एका आजोबांमुळे मिळाला.

२०२३ सालच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. कार्यालयातील जुना तारेचा फोन जाऊन इंटरनेटवर चालणारे फोन आले होते. आजोबांना दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्यास न्यायचे होते. त्यांना मधुमेह. आम्ही त्यांच्या सूनबाईंना फोनवर सांगितले, ‘‘नेहमीची गोळी द्या, मात्र उपाशी येऊ नका.’’ त्या ‘‘बरं, फादर’’ म्हणाल्या. घाईत आम्ही फोन ठेवला.

सकाळी आजोबा आले ते दरदरून घाम फुटलेल्या अवस्थेत, सूनबाईंच्या खांद्यावर भार टाकून. गोळी घेतली होती, पोटात अन्नाचा कण नव्हता. साखरेचे पाणी पाजल्यावर थोड्या वेळाने त्यांना हुशारी आली. आम्ही मात्र सूनबाईंवर रागावलो. ‘‘उपाशी येऊ नका म्हटले होते ना?’’ ती माउली खाली मान घालून म्हणाली, ‘‘फादर, तुम्ही उपाशी ये, एवढंच म्हणालात. पुढं खरखर झाली. तपासणी म्हणजे उपाशीच असंल, असं वाटलं मला.’’

वाचकहो, आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. शेपटी तुटली की मनाई ही आज्ञा होऊन बसते. त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातील संगणक सांभाळणाऱ्या तरुणाला घेऊन आम्ही या खरखरीचा माग काढण्यास बसलो.

त्याने आधी आम्हांलाच प्रश्न विचारले. कोणाला ऐकू येत नाही, आपल्याला की पलीकडच्यांना? पलीकडच्यांना. कार्यालयातल्या कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर बोलले तर? अगदी स्वच्छ. म्हणजे फोनचे यंत्र निर्दोष. दोष बाहेर जाणाऱ्या वाटेवर. कोणत्या वेळी? बहुधा अकरा ते बारा. त्याच वेळी कार्यालयातून रुग्णांची कागदपत्रे आणि छायाचित्रे मुख्य कार्यालयाकडे पाठवली जात होती. त्याने वायफाय बाजूला ठेवून फोन थेट तारेने जोडून पाहिला. थोडा फरक पडला, पण खरखर गेली नाही. मग त्याने संगणकावरून एक लहानसा संदेश पाठवून तो किती वेळात परत येतो ते मोजले. वाट मोकळी असताना सेकंदाचा तिसावा हिस्सा. छायाचित्रे जात असताना अर्ध्या सेकंदाहून अधिक, आणि काही संदेश तर परतलेच नाहीत. एका दिशेने आवाज पोहोचण्यास दीडशे मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर संभाषणास सहसा बाधा येत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्यापलीकडे माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

इंटरनेटवरचा आवाज सलग वाहत नाही. बहुधा एका सेकंदाच्या बोलण्याची पन्नास पाकिटे होतात. पत्र हरवले तर दुसरे मागवता येते. आवाजाचे पाकीट पुन्हा मागवत नाहीत, कारण ते येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. एखादे हरवले तर फोन आधीच्या आवाजाने ती फट बुजवतो. पण ‘नका’ या शब्दाची पंधरा-वीस पाकिटे एकदम गळाली, तर तो तरी काय करणार?

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गर्दीच्या दिवशी अडकलेल्यांना हे सहज समजेल. रस्ता अरुंद असतो असे नाही. ट्रकांच्या रांगेत रुग्णवाहिका अडकते. एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सेकंदाला जेमतेम नव्वद किलोबिट एवढी जागा लागते. आमच्या कार्यालयात तेवढी जागा होती, पण छायाचित्रांच्या ट्रकांनी नाका अडवला होता.

उपाय साधे निघाले. फोन तारेनेच जोडले. राउटरमध्ये आवाजाला पहिला मान दिला. बाहेर पाठवण्याचा वेग जोडणीच्या खऱ्या वेगाहून थोडा कमी ठरवला, म्हणजे रांग लागली तर ती आमच्याच दारात लागते आणि तिला शिस्त लावता येते. छायाचित्रे रात्री पाठवू लागलो. खर्च काहीच आला नाही.

पण एक दुरुस्ती राउटरची नव्हती, आमची होती. आम्ही आता ‘उपाशी येऊ नका’ असे म्हणत नाही. ‘भाकरी खाऊन या’ असे म्हणतो. शब्द गळाले तरी उलटा अर्थ पोहोचू नये. आणि फोन ठेवण्यापूर्वी विचारतो, ‘‘मी काय सांगितले, ते एकदा मला सांगता?’’

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या घरी गेलो आणि सूनबाईंची क्षमा मागितली. तीस वर्षे पापनिवेदनाच्या आसनावर बसून लोकांचे ऐकण्याचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हांस, आपले बोलणे पोहोचले की नाही हे विचारण्याचे सुचले नव्हते; आणि ते पोहोचले नाही तेव्हा दोष आम्ही ऐकणाऱ्याच्या कानाला दिला होता. त्यांनी चहा पुढे केला. आजोबा हसत म्हणाले, ‘‘फादर, आज उपाशी नाही ना आलात?’’