हर्णैचा लिलाव

नाताळच्या सुट्टीत दापोलीहून आम्ही हर्णैला गेलो. बाबाही बरोबर होते. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि अलीकडे वाळूवर संध्याकाळचा मासळीबाजार! होड्यांतून उतरलेल्या बांगड्यांचे, सुरमईचे, कोळंबीचे ढीग पडत होते. एकेका ढिगाभोवती कोळणींचं कडं जमायचं, एक जण मोठ्यानं बोली पुकारायचा, आकडा चढत जायचा आणि कुणीतरी मान हलवली की ढीग तिचा. आपल्याला काही कळेपर्यंत पुढची बोली सुरू!

शेजारच्या मावशी टोपली भरताना म्हणाल्या, "आज लिलाव बरा लागला गो बाय." मी चमकलेच. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. मी आठवीत असताना कर्ज फिटलं नाही म्हणून आमचं राहतं घर लिलावात गेलं. दारावरची नोटीस आजीला मीच वाचून दाखवली होती. पुढे आजी नुसतं "ते झालं तेव्हा" एवढंच म्हणायची.

परत आल्यावर शाळेतले कोश काढून बसले. (अर्ध्या वेळच्या नोकरीचा हाही एक फायदा!) शब्द निघाला पोर्तुगीज. वसईचा किल्ला १५३४ ते १७३९ त्यांच्याकडे होता आणि किनाऱ्यावर त्यांचा व्यापार. त्यांच्या 'लेइलांव'चा आपण लिलाव केला. त्यांनीही तो अरबांकडून उचललेला, असं कोशकार मानतात. 'अल्-इअलाम' म्हणजे जाहीर करणं. आपले मालूम आणि तालीम त्याच अरबी धातूचे!

हिंदीत तो नीलाम झाला, मल्याळीत लेलम्, तमिळमध्ये एलम्, इंडोनेशियात लेलांग. अरबी, तमिळ, मलय यांची आपसात काही सोयरीक नाही. पण जिथे गलबतातून माल उतरला तिथे शब्दही उतरला. मलेशियात तर स्वस्तातला माल विकताना "लेलाँग, लेलाँग" असं ओरडतात म्हणे.

म्हणजे मुळात हा नुसता पुकारा. त्यात घर बुडणं कुठेच नाही. हे हर्णैलाच ठाऊक असतं, तर बाबांना तिथल्या तिथे सांगितलं असतं. ते बाजारात उतरलेच नाहीत, गाडीपाशी पाठ करून उभे राहिले. मी पिशवी घेऊन गेले तेव्हा आत डोकावून म्हणाले, "बांगडे ताजे दिसतात. केवढ्याला पडले?"