बोरसाहेबांचे देणे

नॉर्मन लॉफ्टस बोर यांना मी कधी पाहिले नाही. १९७२ च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा मी माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत जात होते आणि हे नाव माझ्या कानावर पडण्याचे काही कारणच नव्हते. पण आज कुणाकुणाचे देणे लागते याचा हिशेब करायला बसले, की आई-आप्पा आणि माझे मार्गदर्शक सर यांच्यामागोमाग याच माणसाचे नाव येते. मी गवताची अभ्यासक झाले, पुढे वनस्पतिशास्त्र शिकवत राहिले, ते त्यांच्या एका पुस्तकाच्या बळावर.

आमचा भाग दुष्काळी. जनावरे माळावरच्या गवतावर जगायची आणि जनावरांवर घर. आप्पांना गवताची पक्की पारख होती. मारवेल फुलोऱ्यावर येता येता कापावे, पवन्या कोणत्या उतारावर सापडेल, काळ्या रानात कुंदा शिरला तर तो काढताना कसा जीव जातो, हे सगळे त्यांना तोंडपाठ. कुसळी कोवळी आहे तोवर मेंढरांना चालते. एकदा कुसळ धरले, की ते लोकरीत रुतते आणि कातड्यात शिरते, म्हणून त्या दिवसांत कळप कुठून न्यायचा हेही ठरलेले असे. हे ज्ञान मी लहानपणापासून ऐकत होते, पण ते महाविद्यालयात उपयोगी पडेल असे कधी मनात आले नव्हते.

संशोधनाला लागले तेव्हा सरांनी विषय दिला तो गवताचा. विभागात गवत घ्यायला सहसा कुणी तयार नसे. गवताच्या फुलाला पाकळ्या नाहीत, रंग नाही. जे काही आहे ते कणिशकात, म्हणजे फुलांच्या चिमुकल्या गुच्छात, आणि कणिशक बहुधा काही मिलिमीटरचे. ते ओल्या टीपकागदावर ठेवून सुईने उकलायचे, भिंगाखाली एकेक तूस वेगळे करायचे, त्याच्या शिरा मोजायच्या, कुसळ टोकावरून निघते की पाठीवरून ते पाहायचे. मी पहिल्या आठवड्यातच घाबरले. सर एवढेच म्हणाले, “बोर काढून बस.”

आमच्याकडे त्या ग्रंथाला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नसे. ‘बोर’ म्हटले की झाले. ब्रह्मदेश, सिलोन, भारत आणि पाकिस्तान इथल्या, बांबू वगळून बाकीच्या गवतांवरचा हा ग्रंथ १९६० साली निघाला. पाने सातशेहून अधिक. त्याआधी सबंध भारतातली गवते एकत्र मांडण्याचे काम हूकर यांच्या भारतातल्या वनस्पतींवरच्या ग्रंथमालेच्या सातव्या खंडात झाले होते, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. मधल्या साठेक वर्षांत किती नवी गवते सापडली, किती जुनी नावे बदलली! तो सगळा गुंता एका माणसाने सोडवला. विभागात ग्रंथाची एकच प्रत होती आणि ती घरी मिळत नसे. मी त्यातल्या ओळख-सारण्या वहीत हाताने उतरवून घेतल्या. ती वही पिशवीत घालून कास, चाळकेवाडी, पाचगणीचे पठार पालथे घातले.

सारणी वापरणे म्हणजे दोन विधानांतून एक निवडत पुढे सरकणे. कणिशके जोडीने आहेत की एकेकटी? खालचे तूस टणक की पातळ? कुसळ पिळदार की सरळ? प्रत्येक उत्तराने हजारो शक्यतांतल्या शेकडो गळून पडतात आणि शेवटी एक नाव उरते. बोर यांच्या सारण्यांत मला नेहमी जाणवे ते हे, की लिहिणारा माणूस स्वतः माळावर उकिडवा बसलेला आहे. एकदा पावसाळ्याच्या अखेरीस कातळाच्या भेगेत वीतभर उंचीचे एक नाजूक गवत दिसले. त्याच्या एकुलत्या एक कणसावर लांब कुसळे होती. सारणीच्या पायऱ्या उतरत गेले आणि इंडोपोआ पॉपरक्युला या नावाशी थांबले. पश्चिम घाटाबाहेर न आढळणाऱ्या या गवतासाठी बोर यांनी १९५८ साली वेगळी प्रजाती निर्माण केली होती. आमच्याच डोंगरातले गवत, आणि त्याचे वेगळेपण ओळखणारा माणूस होता लंडनजवळच्या क्यू उद्यानात!

मग त्यांच्या आयुष्याची मी माहिती काढत गेले. आयर्लंडच्या ट्रॅमोर गावी १८९३ साली जन्म. पहिल्या महायुद्धात लष्करी सेवा. १९२१ मध्ये भारतीय वनसेवेत आले आणि आसामात नेमले गेले. नागा टेकड्या, आका टेकड्या अशा दुर्गम मुलखात त्यांनी नोकरी आणि वनस्पतिसंग्रह दोन्ही केले. त्या प्रवासांवर त्यांच्या पत्नी एलिनॉर यांचे पुस्तक १९५२ साली निघाले. पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत ते वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. आसामच्या वनस्पतिग्रंथाचा गवतांचा खंड त्यांनी १९४० मध्ये पूर्ण केला आणि पाठोपाठ संयुक्त प्रांतातल्या नेहमीच्या गवतांवर लिहिले. १९४८ मध्ये ते क्यूचे साहाय्यक संचालक झाले. निवृत्तीनंतरही हात थांबला नाही. इराक आणि इराणच्या गवतांवरचे काम त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर केले. झाडांवर, वेलींवरही त्यांनी लिहिले, पण मन गवतातच राहिले.

त्यांच्या कामातल्या ज्या गोष्टीसाठी मी त्यांना गुरू मानते, ती मात्र पुण्याशी निगडित आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रा. का. भिडे नावाचे अभ्यासक गवतावर काम करत. त्यांनी नवी गवते शोधून त्यांची वर्णने छापली. फादर ब्लॅटर आणि मकॅन यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा १९३५ चा ग्रंथ उघडा. त्यातल्या चित्रांच्या श्रेयात भिडे यांचे नाव आहे. क्यूमधले गवततज्ज्ञ ओट्टो स्टाफ यांनी एका नव्या प्रजातीला भिड्यांच्या सन्मानार्थ ‘भिडिया’ हे नाव योजले होते, पण ते रीतसर प्रसिद्ध होण्याआधीच १९३३ मध्ये स्टाफ वारले. बोर यांनी १९४९ साली ती प्रजाती प्रसिद्ध केली तेव्हा नाव भिडियाच ठेवले आणि ते स्टाफ यांचे असल्याची नोंदही केली. त्यातल्या जातीला पुण्याच्याच विल्यम बर्न्स यांचे नाव दिले. प्रजाती स्वतःच्या मनाप्रमाणे नव्या नावाने मांडायला त्यांना कुणी अडवले नसते. पण आपल्या आधी कुणी पाहिले, कुणी गोळा केले, कुणी नाव सुचवले, हे त्यांनी झाकले नाही.

आमच्या शास्त्रात गवताच्या नावामागे माणसांची आडनावे लागतात. विद्यार्थ्यांना ती पाठ करायला कंटाळा येतो. मी त्यांना भिडियाची हकिगत सांगते आणि म्हणते, ही आडनावे म्हणजे पावत्या आहेत. कुणाकडून काय घेतले, ते इथे लिहून ठेवायचे असते. पश्चिम घाटातल्या भिडियाच्या आणखी एका जातीला पुढे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी ‘बोरी’ हे नाव दिले. भिडे आणि बोर आता एकाच गवताच्या नावात शेजारी शेजारी आहेत.

डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहालयात गेले, तेव्हा गवतांच्या वाळवलेल्या नमुन्यांवर बोर यांच्या ओळखीच्या चिठ्ठ्या पाहिल्या. मी हात जोडले. सोबतच्या तरुण सहकाऱ्याला नवल वाटले असेल, पण मला त्याचा संकोच वाटला नाही. आप्पांनी मला गवताची गावची नावे दिली आणि या माणसाच्या ग्रंथाने त्याच गवतांची जगभर ओळखली जाणारी नावे मला दिली. शेडा, कुसळी, मारवेल ही आप्पांची नावे मी माझ्या प्रबंधात शास्त्रीय नावांच्या शेजारी छापली, कारण घेतलेले लिहून ठेवायचे हे मी बोर यांच्याकडूनच शिकले होते.

आता ते देणे फेडण्याविषयी. आपल्याकडची माळराने सरकारी नोंदीत पडीक म्हणून धरली जातात. पडीक ठरले की तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात, नाहीतर ती जमीन दुसऱ्या कामाला दिली जाते. माळढोक, तणमोर, लांडगा, मेंढपाळ हे सगळे ज्या गवतावर टिकून आहेत, त्याची नोंदच होत नाही, कारण ते ओळखणारी माणसे कमी आहेत. म्हणून वाचकांना, आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विशेष, माझी एक विनंती आहे. तुमच्या गावाला माळ असेल तर तिथे काहीही लावण्याआधी पावसाळा संपताना एकदा कुणा जाणकाराला घेऊन जा, तिथली गवते ओळखून त्यांची यादी करा आणि गावातली नावे वयस्क माणसांकडून लिहून घ्या. बोर यांचा ग्रंथ जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असतो. तो मागून घ्या आणि वापरा.