जामीनदाराची नजर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करण्यात ज्यांच्या आयुष्याची चाळीस वर्षे गेली, ते अण्णा गेल्या उन्हाळ्यात सपत्नीक अमेरिकेत लेकीकडे पोहोचले, तेव्हा तिच्या पहिल्या घराचा सौदा पक्का झाला होता. ओहायो राज्यात, क्लीव्हलँडच्या एका उपनगरात, १९२६ साली बांधलेले ते दुमजली लाकडी घर. किंमत १,८०,००० डॉलर ठरली होती. गृहप्रवेशासाठी आणलेला चांदीचा कलश आईंनी बॅगेत कपड्यांच्या घडीत जपून ठेवला होता. परंतु चौथ्याच दिवशी बँकेचा निरोप आला. घराचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीइतके झाले होते. कर्ज मात्र एका अटीवर मिळणार होते. खिडक्यांच्या चौकटी, मागचा लाकडी व्हरांडा आणि गॅरेज यांवरील सुटत चाललेला रंग आधी काढून टाकून तेथे नवा रंग द्यावा, अशी ती अट होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी घर हिंडून पाहिले. स्वयंपाकघरातला ओटा झिजलेला होता. गालिच्यावर जुने डाग होते. मागच्या पायऱ्यांना कठडा नव्हता, एका आतल्या दाराचा पत्रा फुगलेला होता. यांपैकी एकाही गोष्टीचा अहवालात दुरुस्तीसाठी उल्लेख नव्हता.

“जे खराब आहे त्याबद्दल चकार शब्द नाही, आणि रंगासाठी व्यवहार अडवून धरला आहे,” अण्णा चिडून म्हणाले. “घर घेणार आपण, हप्ते भरणार आपण. मग रंगाची उठाठेव बँकेला कशाला?”

जावईबापूंनी शांतपणे उलगडून सांगितले. कोरोनाच्या काळात त्यांचे छोटे दुकान बंद पडले. कार्डांची देणी थकली आणि त्यांची कर्जफेडीची पत खालावली. शिल्लकही बेताचीच होती. नेहमीचे गृहकर्ज त्यांना परवडण्याजोगे नव्हते. म्हणून त्यांनी फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच एफएचएच्या विम्याचे कर्ज घेण्याचे ठरवले. त्यात पतगुणांक ५८० असला, तरी किमतीच्या अवघ्या ३.५ टक्के रक्कम पदरची घालून घर घेता येते. या घरासाठी ती रक्कम ६,३०० डॉलर होती. कर्ज बँकच देते. एफएचए स्वतः एक डॉलरही कर्जाऊ देत नाही. मात्र कर्जदाराकडून कर्जाच्या १.७५ टक्के विमाहप्ता आरंभीच घेतला जातो, शिवाय पुढे दरवर्षी काही आकारणी असतेच. या हप्त्यांतून साठलेल्या निधीतून, कर्ज बुडाल्यास बँकेचे नुकसान भरून दिले जाते.

“म्हणजे जामीनदार,” अण्णा म्हणाले, आणि पुढे बराच वेळ बोलले नाहीत.

त्या शब्दाशी त्यांचा जुना हिशेब होता. तीस वर्षांपूर्वी एका मावसभावाने गोदामातील माल तारण ठेवून कर्ज काढले होते. नात्याखातर अण्णांनी जामीन म्हणून सही केली. गोदामात पाऊलही टाकले नाही. पोती कागदावर होती तितकी तेथे नव्हती, आणि होती त्यांतील बराचसा माल ओल लागून काळा पडला होता, हे बँकेची नोटीस दारात आल्यावर त्यांना समजले. ती रक्कम फेडण्यात सहा वर्षे गेली. थोरल्या मुलाचे इंजिनीअरिंग त्यात राहून गेले आणि तो अठराव्या वर्षी दुकानाच्या गादीवर बसला. त्याने कधी तक्रार केली नाही. अण्णाही ते कधी विसरले नाहीत.

अमेरिकन सरकारने ही जामिनकी पत्करली ती १९३४ साली, महामंदीच्या काळात. तोवर तेथे घराच्या किमतीची जवळपास निम्मी रक्कम आधी जमवावी लागे, आणि उरलेले कर्ज तीन ते पाच वर्षांतच परत करावे लागे. मंदीत लाखो कुटुंबांची घरे गेली आणि बँकाही बुडाल्या. तेव्हा दीर्घ मुदतीच्या कर्जाला विम्याचे संरक्षण देणारा कायदा झाला. परंतु तीस-तीस वर्षांची जोखीम घेणारा जामीनदार केवळ कर्जदाराचा पगार पाहून थांबत नाही. तेवढा काळ ते घर उभे राहील का, हेही तो पाहतो. १९४४च्या कायद्याने माजी सैनिकांसाठी सुरू झालेल्या गृहकर्जालाही घराच्या स्थितीबद्दल अशाच किमान अटी आहेत, आणि ग्रामीण भागासाठी कृषी खात्याच्या हमीने मिळणाऱ्या कर्जालाही आहेत.

या नजरेचा इतिहास सर्वस्वी निर्मळ नाही. आरंभीच्या अनेक दशकांत एफएचएच्या मूल्यांकनाच्या नियमांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्याच जोखमीच्या ठरवल्या आणि तेथील कुटुंबांना या हमीपासून दूर ठेवले. घरांच्या व्यवहारातील असा भेदभाव १९६८च्या कायद्याने बेकायदा ठरला. आज मूल्यांकनकाराने, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत बँकेच्या व्हॅल्युअरने, माणूस कोणत्या रंगाचा आहे हे पाहावयाचे नाही. वास्तू पाहावयाची आहे.

त्या पाहण्यात तीन प्रश्न असतात. राहणाऱ्यांच्या जिवाला व आरोग्याला धोका नाही ना? तारण म्हणून वास्तूचे मूल्य टिकेल ना? आणि तिचा सांगाडा भक्कम आहे ना? त्यासाठी छताचे आयुष्य किमान दोन वर्षे उरलेले असावे लागते. माळ्याच्या पोकळीत मूल्यांकनकाराला निदान डोके व खांदे आत घालून पाहावे लागते. जमिनीचा उतार पायापासून दूर जाणारा हवा. वीज, पाणी, गॅस चालू स्थितीत हवेत. शयनगृहातून आगीच्या वेळी थेट बाहेर पडण्याची वाट हवी. एके काळी लहानसहान दोषांसाठीही व्यवहार अडत, आणि त्यामुळे विक्रेते असे कर्ज घेणाऱ्या ग्राहकाला टाळत. २००५ साली नियम सैल करण्यात आले. तेव्हापासून झिजलेला ओटा, डागाळलेला गालिचा, नसलेला कठडा, खराब झालेले आतले दार यांसारखे दोष अहवालात नोंदले गेले, तरी केवळ त्यांच्यासाठी दुरुस्ती सक्तीची राहिली नाही. १९७८पूर्वीच्या घरावरील सुटलेला रंग मात्र सक्तीच्या यादीतच राहिला.

त्याचे कारण शिसे. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसे वापरण्यास १९७८ साली बंदी आली. त्यापूर्वीचा रंग घट्ट बसलेला असेल तर चालतो. पापुद्रे सुटू लागले की त्यांची धूळ होते. ती लहान मुलांच्या हातांतून तोंडात जाते आणि मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम करते. मुलांच्या रक्तात शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही, आणि वरून लक्षण बहुधा दिसत नाही. मूल्यांकनकार शिशाची चाचणी करीत नाही. घर जुने आणि रंग सुटलेला, एवढे त्याला पुरते.

हे सारे ऐकूनही अण्णांनी व्यापाऱ्याचा तोडगा काढलाच. “दोन दिवसांचे काम आहे. विकणाऱ्या बाईंची परवानगी घेऊ, मी आणि जावईबापू वरून पांढरा हात फिरवतो. तो माणूस पुन्हा पाहायला येईल तेव्हा सगळे स्वच्छ दिसेल.”

लेक काही बोलणार, इतक्यात तिचे लक्ष दोन वर्षांच्या नातीकडे गेले. ती खिडकीच्या कट्ट्याला धरून उभी होती आणि तिच्या ओल्या तळहाताला पांढरे कण चिकटले होते. हात तोंडाकडे जाण्याआधीच लेकीने तो धरला, धुतला, आणि मग म्हणाली, “अण्णा, वरून हात फिरवला तर त्या माणसाला दिसणार नाही. पण खालचा रंग आपल्याच घरात राहील.”

अण्णांना मावसभावाच्या गोदामातील पोती आठवली. पुढे त्यांनी रंगाच्या डब्याचे नाव काढले नाही.

विकणाऱ्या बाई वयस्क होत्या. त्या घरात त्यांची चाळीस वर्षे गेली होती आणि रंगाची अट त्यांना अपमानास्पद वाटत होती. रोख पैसे देणारा एक ग्राहक त्यांच्याकडे होता. त्याच्यामागे बँक नसल्याने त्याला कोणतीच अट नव्हती. पण तो १,५५,००० डॉलरच देत होता. दुसरा एफएचएचा ग्राहक शोधावा, तर मूल्यांकन घराच्या नावे नोंदले जाते आणि १८० दिवस ग्राह्य असते, म्हणजे नव्या ग्राहकापुढेही तीच अट येणार. दलालाकडून एवढे कळल्यावरही बाई तयार होईनात. तेव्हा लेकीने त्यांना चहाला बोलावले. बोलता बोलता कळले, की त्यांची खरी चिंता रंगाच्या खर्चाची नव्हतीच. मुलाकडे राहायला जाण्यासाठी चार दशकांचा संसार आवरायचा होता आणि त्याला दिवस पुरत नव्हते. खरेदीखताची तारीख सहा आठवडे पुढे नेण्यास ही मंडळी तयार झाली आणि बाई रंगकामास राजी झाल्या. मोबदला घेऊन असे काम करणाऱ्याला २०१०पासून शिशाच्या धुळीबाबतचे प्रमाणपत्र लागते. तसा माणूस आला, त्याने जमिनीवर प्लास्टिक अंथरले, रंग ओला करून खरवडला आणि कचरा पिशव्यांत बांधून नेला.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. सरकारी नियमाने घर पाहिले जात असताना स्वतःच्या खर्चाने वेगळा तपासनीस कशाला, असा अण्णांचा सल्ला होता. जावईबापूंनी तो नम्रपणे बाजूला ठेवला होता. मूल्यांकन बँकेसाठी असते, घेणाऱ्याला ते घर निर्दोष असल्याची हमी देत नाही, आणि स्वतंत्र तपासणी करून घ्यावी, असे सांगणारा सरकारी कागदच कर्जदाराच्या हाती दिला जातो. त्यांच्या तपासनीसाने सांडपाण्याच्या वाहिनीत कॅमेरा सोडला, तेव्हा मातीच्या जुन्या नळात झाडाची मुळे शिरलेली दिसली. मूल्यांकनकाराच्या अहवालात त्याचा मागमूस नव्हता, कारण जमिनीखालच्या नळात कॅमेरा सोडणे हे त्याचे कामच नव्हते. विक्रेता खरेदीदाराच्या खर्चापोटी किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत भार उचलू शकतो. त्या मर्यादेत बाईंनी ४,००० डॉलर दिले, आणि दस्ताच्या खर्चातून वाचलेली रक्कम नळासाठी राखून ठेवता आली.

जुलैअखेर मूल्यांकनकार पुन्हा आला, चौकटी पाहिल्या, छायाचित्रे घेतली आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला बँकेला पाठवला. कलश बॅगेतून बाहेर निघाला. गृहप्रवेशाच्या दिवशी अण्णा खिडकीपाशी उभे राहिले, कट्ट्यावरून बोट फिरवले आणि बोटाकडे पाहिले. बोट स्वच्छ होते.

सांगलीला परतल्यावर आठवड्याभरातच पुतण्या कागद घेऊन आला. बेदाण्याच्या शीतगृहातील मालावर त्याला कर्ज हवे होते आणि जामीन म्हणून अण्णांची सही हवी होती. त्याने पेन पुढे केले. थोरला मुलगा गादीवर बसून वडिलांकडे पाहत होता. अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

“सही करीन,” ते म्हणाले. “उद्या सकाळी आठला आधी शीतगृहात जाऊ. आणि हाही आपल्याबरोबर येईल.”