कोरडी वात

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. सासूबाईंची तिथीवार, सणवार बघण्याची सोय आणि माझी हिशेबाची वही, दोन्ही तेच. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, शाळेच्या परीक्षा, शिवाय दर महिन्याला एका तारखेखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका. तो कशाचा हे मैत्रिणींनो, तुम्हांला सांगायला नको! या ठिपक्यानंच २०२३ साली मला डॉक्टरांपुढे उघडं पाडलं, त्याचीच ही हकीकत.

आम्ही मुळशी तालुक्यात, पौडला राहतो. हे पिरंगुटला एका कारखान्यात नोकरीला. मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. सकाळचे तीन-चार तास शाळा, बाकी सगळं घर. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. चंद्राचा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे बारा महिन्यांचे झाले ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष त्याहून अकरा दिवसांनी मोठं. ती तूट साठत जाते आणि बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक महिना जादा धरून भरून काढतात. ही भरपाई नसती तर आपला श्रावण फिरत फिरत उन्हाळ्यात गेला असता. आमच्या शेजारच्या भाभींचा रमजान असाच सगळ्या ऋतूंतून फिरतो, कारण त्यांच्यात अधिक महिना धरत नाहीत. वर्गात मी हे मोठ्या हौशीनं फळ्यावर मांडून दाखवलं. स्वतःच्या शरीराचा जमाखर्च मात्र मला मांडता आला नाही.

त्या वर्षी १७ जुलैला दिव्यांची अमावास्या झाली. सासूबाईंनी समया, निरांजनं, माळ्यावरचा जुना कंदीलसुद्धा काढून चिंचेनं, राखेनं लख्ख घासला. पाटावर सगळे दिवे मांडले, कणकेचे गूळ घातलेले दिवे उकडले. मुळशीच्या पावसात तेव्हा दुपारी चारलाच दिवा लावायची वेळ येते, बाहेर ताम्हिणीकडून नुसतं काळं उठलेलं असतं. दिव्याला हात जोडायचे ते अशा दिवसांत, हे किती बरोबर आहे असं मनात आलं. त्याच भरात मी संकल्प सोडला. अधिक महिनाभर एकभुक्त राहायचं, आणि पुढे निज श्रावणात सोमवार, शनिवार, एकादशी, संकष्टी सगळं करायचं.

खरं सांगू? देवाची ओढ त्यात थोडी, आणि सासूबाईंनी चारचौघींत एकदा तरी ‘सून सोशिक आहे हो आमची’ म्हणावं ही हाव जास्त. लग्नाला बारा वर्षं झाली होती. ते वाक्य काही कानी पडलं नव्हतं.

उपास म्हणजे काय, तर सकाळी चहा, शाळेतून आल्यावर साबुदाण्याची खिचडी, वर पुन्हा चहा. मुलांचे डबे, ह्यांची पाळी, दारात चिखल, कपडे वाळत नाहीत म्हणून घरभर दोऱ्या. जिना चढताना धाप लागायची. केस हातात यायचे. पाळीचे दिवस सात-आठ झाले होते आणि अंगावरून फार जायचं. पण हे बोलायचं कोणाशी? पावसाळी हवा आहे, होतं असं, म्हणून मी गप्प.

निज श्रावणातला तिसरा सोमवार, ४ सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी शिक्षकदिन, म्हणून मुलं भाषणं पाठ करत होती. एका मुलीची चूक सुधारायला मी खुर्चीवरून उठले, एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा शिपाईमावशी पदरानं वारा घालत होत्या आणि मुली रडत होत्या.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.१. बाईचं किमान बारा तरी असावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पाळी शेवटची कधी? किती दिवस?” मी ह्यांच्याकडे बघत बसले. शेवटी घरी फोन करून सासूबाईंना कालनिर्णयवरचे ठिपके वाचायला सांगितले. फोनवर त्यांचा आवाज आला, “अगं, हे तीन आठवड्यांनीच परत ठिपके आहेत. तू बोलली कशी नाहीस?”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण समजावून सांगितलं ते प्रत्येकीनं ऐकण्यासारखं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, पोट भरतं पण रक्ताला लागणारं लोह त्यात नावापुरतंच. जेवणाबरोबर चहा घेतला, की अन्नातलं लोहसुद्धा शरीराला नीट घेता येत नाही. त्यातून पाळीत जास्त जात असेल तर खर्च मोठा आणि जमा शून्य. ही अवस्था माझ्या एकटीची नव्हती. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक जणींना पांडुरोग आढळला होता. म्हणजे दोघींतली एक! हळदीकुंकवाला जमलेल्या वीसजणींत दहा-अकराजणी!

घरी आले तेव्हा वाटलं, आता सासूबाई म्हणणार, संकल्प मोडला. त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी मला हाक मारली. निरांजनात तेल घालत म्हणाल्या, “तेल नसताना वात लावली तर काय होतं गं? वातच जळते. देवापुढे उजेडही पडत नाही.” मग ताट वाढून पुढ्यात ठेवलं. नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी, लिंबाची फोड. श्रावणी सोमवारी, दिवेलागणीला!

त्या रात्री त्या खूप बोलल्या. त्यांचं माहेर धरणाच्या काठचं, भातशेतीचं. आषाढात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी. ती उरकली की श्रावण. “आम्हांला उपास म्हणजे हलकं खाऊन पाठ टेकायचा दिवस होता. वरी खायची, ताक प्यायचं, कहाणी ऐकायची. तुम्ही कामं तेवढीच ठेवता आणि खाणं तेवढं काढता.”

मला उत्तर सुचलं नाही. पोळ्याला आपण बैलाला औताला जुंपत नाही. त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळतो, पुरणपोळी भरवतो. खंडेनवमीला कोयता-विळ्यालासुद्धा विसावा असतो. वसुबारसेला गाईची पूजा, आणि दीप-अमावास्येला दिव्याची. ज्यानं आपल्यासाठी वर्षभर राबायचं, त्याला एक दिवस थांबवून हात जोडायचे, अशी ही रीत. फक्त बैलाच्या पोळीसाठी पुरण वाटणारी बाई त्या दिवशी दुप्पट राबते, आणि तिचा सण कालनिर्णयात कुठल्या तारखेला आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

पुढे सोनोग्राफी झाली, घाबरण्यासारखं काही निघालं नाही. पाळीसाठी औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा किंवा दुधाबरोबर नाही, ही ताकीद. कालनिर्णयवर आता पेन्सिलीच्या ठिपक्याशेजारी गोळीची फुलीही पडू लागली.

२८ ऑक्टोबरला कोजागरी होती आणि नेमकं त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध. आळीत एकच चर्चा. कोणी म्हणे दूध आटवू नका, कोणी म्हणे प्रसादापुरतं चालतं. सासूबाई म्हणाल्या, “ग्रहण एक वाजता. तोवर दूध उरणार आहे का या घरात?” आम्ही गच्चीवर लवकरच दूध ठेवलं. आमच्याकडे कोजागरीला आश्विनी करतात, घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळतात. सासूबाईंनी ह्यांना ओवाळलं. मी तबक घ्यायला पुढे झाले तर म्हणाल्या, “बस पाटावर.”

“मी? मी कशी, सासूबाई?”

“या घराचा थोरलेपणा तूच ओढतेयस. बस म्हटलं ना.”

त्यांनी मला ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. ‘सोशिक’ हा शब्द त्या बोलल्या नाहीतच, आणि मला त्याची गरजही उरली नाही. रात्री एकनंतर मुलांना उठवून आम्ही ग्रहण बघितलं. चंद्राच्या कडेचा बारीकसा तुकडा झाकला गेला आणि दोन-अडीचच्या सुमाराला तो पुन्हा पुरता उजळला.

संक्रांतीपर्यंत माझं हिमोग्लोबिन ११.४ वर आलं. ते गोळ्यांनी आणि ताटातल्या अन्नानं आलं, चंद्रानं नाही, हे मी मुलांनाही सांगते. पण तिथीचा एक उपयोग मी तेव्हापासून करून घेते. दर पौर्णिमेला दहा मिनिटं कालनिर्णयासमोर बसायचं. ठिपके किती दिवसांनी आले, किती दिवस राहिले, झोप कशी होती, ते बघायचं. आणि या महिन्यात आपल्यासाठी कोण राबलं, ते आठवून त्या माणसाला तोंडानं सांगायचं. हल्ली वहीत रोज आभार लिहा असं सांगतात. मला वाटतं, वहीपेक्षा शिपाईमावशींना प्रत्यक्ष सांगितलेलं बरं. मी सांगितलं तेव्हा त्या लाजून आत पळाल्या होत्या!

उपास मी अजून करते, महिन्यातून एकच, संकष्टीचा, तोही डॉक्टरांना विचारून. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, वरी, ताक, फळं. चहा खाण्याआधी-नंतर तासभर नाही. आणि मुख्य म्हणजे दुपारी पाठ टेकायची. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, मधुमेह असलेल्या मैत्रिणींनी मात्र विचारल्याशिवाय उपासाच्या वाटेला जाऊच नये.

यंदा दिव्यांच्या अमावास्येला दिवे घासायला बसाल, तेव्हा आठवड्याभरात एकदा रक्तही तपासून घ्या. आमच्या कालनिर्णयवर त्या तारखेखाली आता माझं अक्षर नसतं. सासूबाईंच्या थरथरत्या हातचं असतं. ‘दिवे घासणे. सुनेचं रक्त.’