कुंडलिकेकाठचं दूध

रोह्याची कुंडलिका वैशाखातही आटत नाही. कोकणातल्या कितीतरी नद्या होळीनंतर डबक्यांपुरत्या उरतात. कुंडलिकेला मात्र घाटावरून पाणी येतं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजगृहात पडतं आणि वीज करून झाली की नदीत उतरतं. 1927 पासून हे असंच चाललंय. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले, उन्हाळी भात आलं, आणि कालव्याच्या कडेला भर उन्हातही हिरवं गवत राहू लागलं. आमच्या घरचा दुधाचा धंदा त्या गवतावर उभा होता. मावळातल्या ज्या गावांची शेतं त्या धरणाखाली गेली, त्यांनी 1921 साली सत्याग्रह केला, सेनापती बापटांबरोबर तुरुंगही पाहिला. आमच्या म्हशींच्या दुधात त्यांचा वाटा आहे, असं मी मानतो.

आईचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. तिथे चहूकडे पाणी, पण खाडीचं. उन्हाळ्यात माणसांनाच प्यायला हंडाभर पाणी मिळायची मारामार, मग जनावरं पाळणार कशी? मामाच्या दावणीला एखादीच गाय असायची. लग्न होऊन आल्यावर आई कालव्यात डुंबणाऱ्या म्हशींकडे नुसती बघत उभी राहायची, असं आजी सांगे.

गोठ्यावर राज्य आजीचं. पहाटे ती गव्हाणीत आंबोण ठेवायची: कोंडा, सरकीची पेंड, चिमूटभर मीठ. कोमट पाण्याने कास धुवायची, मग रेडकाला सोडायची. ते ढुशा देऊन चोखू लागे, तोंडाला फेस आला की त्याला ओढून खुंटाला बांधायचं काम आम्हा मुलांचं. मग चरवी गुडघ्यांत धरून आजी म्हणायची, "दे गो माझी बाय, दे." आमची चंद्री तिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नसे. एका पावसाळ्यात आजी तापाने अंथरुणाला खिळली. आईने तिचं लुगडं नेसलं, तिच्यासारखाच स्वर लावला आणि चंद्रीच्या कुशीला टेकून बसली. म्हशीने मान वळवून पदर हुंगला. बराच वेळ काही झालं नाही. मग चरवीत धार वाजली. त्या दिवसापासून चंद्री दोघींची झाली.

म्हैस व्याली की चीक आधी रेडकाच्या पोटात जाई, उरलेला वाडीत घरोघर. ज्या भांड्यातून तो जाई ते रिकामं परत येत नसे. तळाशी मूठभर तांदूळ नाहीतर गुळाचा खडा असायचाच. श्रावण लागला की पेणहून दुधाला मागणी वाढे. तिथे गणपतीच्या कारखान्यांत रात्र-रात्र रंगकाम चाले, चहाच्या आधणाला खंड नसे. वडील एसटीच्या टपावर कॅन चढवत आणि स्वतः खाली दाराशी उभ्याने जात.

या सगळ्याला आधार पेंढ्याचा. भात झोडून झालं की पेंढ्या आळ्याने बांधून अंगणात उडवी रचली जाई. वर्षभर जनावरं त्यातून खात. त्यांचं शेण उन्हाळ्यात शेतात जाई, त्यावर कवळ, पालापाचोळा आणि मातीचा थर देऊन राब भाजायचा, त्याच राखेत पावसाबरोबर रोप उगवायचं. शेत जनावरांना पोसायचं आणि जनावरं शेताला. आता कापणीचं यंत्र दाणे घेऊन जातं आणि पेंढ्याचा चुरा शेतात सोडतं. त्याची पेंढी बांधता येत नाही. विकतच्या चाऱ्यावर म्हैस परवडत नाही, आणि पोरं धाटावच्या कारखान्यांत पाळीला जातात. गोठे रिकामे झाले ते अशाने. काहींवरचे पत्रे 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात उडाले, ते पुन्हा घातलेच गेले नाहीत.

आजीला गुडघ्यांनी छळलं, आईची बोटं वाकडी झाली. दुधाच्या हिशेबाच्या वहीत पेंड, औषधं, एसटीचं भाडं सगळं लिहिलेलं आहे. या दोघींच्या मजुरीचा रकाना तिथे नाही. तो असायला हवा होता.

पेण-रोह्याच्या गावांत अजून काही घरांच्या दावणीला दोन-तीन म्हशी आहेत, आणि पहाटे त्यांच्या कुशीला टेकून बसलेली बाईही आहे. तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर तिच्याकडे रतीब लावा. पिशवीपेक्षा चार पैसे जास्त सांगितले, तर घासाघीस न करता द्या.